भाव तोच, रोटी हलकी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कैरोच्या तहरीर चौकातल्या उठावाला 15 वर्षं झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख दोनदा वाचला. लेखकाचा अभ्यास दिसतो. पण ‘अरब समाजाला लोकशाही पचत नाही’ या वाक्याशी मी अडलो. मी राजकारणाचा जाणकार नव्हे. निफाड तालुक्यात 26 वर्षं रेशन दुकान चालवलं. काटा आणि रांग या दोनच गोष्टी मला कळतात. पण इजिप्तचं गेल्या 50 वर्षांचं राजकारण या दोन गोष्टी वगळून सांगताच येणार नाही, आणि लेखात नेमक्या त्याच नाहीत.

थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या पोर्ट सईद या बंदराच्या शहरात एका कारखान्यात नोकरीला होता. 2019 च्या डिसेंबरात मी आणि बायको महिनाभर त्याच्याकडे राहिलो. (नेमका त्याच सुमारास इजिप्तचा कांदा आयात होऊन मुंबईत उतरत होता आणि इकडे आमचे कांदावाले शिव्या घालत होते. मी तिकडे तोच कांदा जेवणात खात होतो. दिसायला मोठा, चवीला फिका.) मुलाच्या घराखालच्या गल्लीत सरकारी रोटीची भट्टी होती. लोखंडी जाळीची खिडकी, तिच्याशी बायकांची एक रांग, पुरुषांची दुसरी. खिडकीतल्या पोऱ्याने कार्ड मशीनमध्ये घासलं की टम्म फुगलेल्या रोट्या बाहेर यायच्या. त्या कोणी तशाच पिशवीत कोंबत नाही. घाम सुटून लगदा होतो म्हणून आधी फळीवर पसरतात, फळी नसली तर उभ्या मोटारीच्या बॉनेटवर. मी रोज सकाळी गॅलरीतून हे पाहायचो. सवय जात नाही.

या रोटीला तिथे ‘ऐश बलदी’ म्हणतात. बलदी म्हणजे आपल्याकडचं गावठी. आणि ऐश म्हणजे जगणं. अरबस्तानात इतरत्र रोटीला ‘खुब्ज’ म्हणतात, इजिप्तमध्ये मात्र रोटीलाच जगणं हा शब्द. तोच शब्द फारसीतून फिरत आपल्याकडे आला आणि त्याची ‘ऐष’ झाली. 2011 च्या जानेवारीत तहरीर चौकात घोषणा होती ती ‘ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया’: रोटी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. क्रम पाहावा. दगडा-लाठीपासून बचाव म्हणून डोक्याला रोट्या बांधून उभा असलेला माणूस तेव्हा जगभरच्या छायाचित्रांत झळकला होता.

कार्डावर माणशी दिवसाला 5 रोट्या, एका रोटीला 5 पियास्तर. शंभर पियास्तरांचा एक पौंड. आपल्या हिशेबाने तेव्हा एक रोटी साधारण 22 पैशांना पडायची. मला कार्ड कुठलं असणार? रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ‘हिंदी?’ (म्हणजे भारतीय का) विचारून दोन रोट्या हातावर ठेवल्या. मी वर जाऊन एक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. बायको कपाळाला हात लावून बघत होती. नियमाने 110 ग्रॅम हवे होते, 104 भरले. वाफ जाते तेवढी तूट मी माफ केली. आमच्याकडेही पोत्यामागे तूट यायचीच.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2020 मध्ये, सरकारने हे वजन 110 वरून 90 ग्रॅमवर आणलं. भाव तोच, 5 पियास्तर. इजिप्तच्या राज्यकर्त्यांचं सगळं शहाणपण या 20 ग्रॅमात आहे. त्यांना ते 1977 मध्ये शिकायला मिळालं. त्या वर्षी 17 जानेवारीला राष्ट्राध्यक्ष सादातच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी वाटाघाटी चालू असताना पीठ, तांदूळ, तेल, साखर अशा जिनसांवरचं अनुदान कापलं. 18 आणि 19 तारखेला अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत दंगली उसळल्या. रस्त्यावर सैन्य आलं, 70 हून अधिक माणसं मेली आणि दरवाढ मागे घ्यावी लागली. सादातने त्याला ‘चोरांचा उठाव’ म्हटलं. सादातनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुबारकने तो धोंडा पायावर पाडून घेतला नाही. आधी ‘चांगल्या प्रतीची’ थोडी महाग रोटी शेजारी ठेवायची, मग स्वस्तातली हळूच गायब करायची. अशी एका पियास्तरची रोटी दोनची झाली, 1980 च्या दशकाच्या शेवटी 5 ची, आणि त्यानंतर 30 हून अधिक वर्षं त्या आकड्याला कोणी हात लावला नाही. 2011 च्या उठावात मुबारक गेला, निवडून आलेला मोर्सी आला आणि गेला, लष्करातला सिसी आला. आकडा 5 च.

हे औदार्य नव्हतं, सौदा होता. तुम्ही मत मागायचं नाही, आम्ही रोटीचा भाव वाढवायचा नाही. सौदा निभवायला गहू मात्र लागतो, आणि तो त्या देशात पुरेसा पिकू शकत नाही. बहुतेक सगळी जमीन वाळवंट. सुदानशी झालेल्या 1959 च्या करारानुसार नाईलच्या पाण्यातला इजिप्तचा वाटा वर्षाला 55.5 अब्ज घनमीटर ठरला, तेव्हा लोकसंख्या अडीच कोटींच्या घरात होती. आज ती 10 कोटींच्या वर आहे आणि करारातलं पाणी तेवढंच आहे. वरच्या अंगाला इथिओपियाने बांधलेल्या धरणाचं सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटनही झालं. जवळपास निम्मा गहू बाहेरून येतो, त्यातला सर्वांत मोठा वाटा रशिया आणि युक्रेनचा. 2010 च्या ऑगस्टमध्ये दुष्काळ आणि वणव्यांमुळे रशियाने गव्हाची निर्यात बंद केली, जगात भाव कडाडले आणि सहा महिन्यांत तहरीर चौक भरला. एवढ्यानेच क्रांती झाली असं मी म्हणत नाही. पोलिसांची दंडेली होती, बेकारी होती, ट्युनिशियातल्या उठावाचं उदाहरण समोर होतं. पण लेखकाने गव्हाचं नावही घेऊ नये?

2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा इजिप्तने भारतीय गव्हाला मान्यता दिली आणि महिनाभरात, 13 मे रोजी, आपण निर्यातबंदी केली. त्यांच्या विनंतीवरून कांडला बंदरात भरत असलेलं 61,500 टनांचं एक जहाज तेवढं सोडलं.

मी अनुदानाचा आंधळा भक्त नाही, हेही सांगतो. जुन्या पद्धतीत भट्टीवाल्यांना पीठ स्वस्तात मिळायचं. बरंच पीठ मागच्या दाराने बाजारात आणि रोटी चाऱ्यापेक्षा स्वस्त म्हणून जनावरांच्या दावणीला. असले धंदे आमच्या व्यवसायातही पाहिलेत, नावं घेत नाही. 2014 मध्ये त्यांनी अनुदान पिठावरून काढून रोटीवर नेलं: जेवढ्या रोट्या कार्डावर खपल्या तेवढ्यांचे पैसे भट्टीला. न घेतलेल्या रोट्यांचे गुण कार्डावर जमा होतात आणि त्यावर साखर-तेल घेता येतं. हे मला फार आवडलं. आपल्याकडे न उचललेलं धान्य कुठे जातं, हे न विचारलेलं बरं.

इजिप्तची अर्थव्यवस्था सावरली असं लेख म्हणतो, आता त्या ‘आर्थिक सावरण्या’कडे येतो. मार्च 2024 मध्ये नाणेनिधीने कर्ज 3 अब्ज डॉलरवरून 8 अब्जांवर नेलं. त्याच दिवशी इजिप्तने पौंडाचा भाव बाजारावर मोकळा सोडला आणि डॉलर 31 वरून 50 पौंडांवर गेला. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी अमिरातीने भूमध्य समुद्राकाठच्या रास अल-हिक्मा या जागेच्या विकासासाठी 35 अब्ज डॉलरचा सौदा केला होता. महागाईचा दर सप्टेंबर 2023 मध्ये 38 टक्के होता, तो 2025 अखेर 12 टक्क्यांच्या आसपास आला. लेखक याला स्थैर्य म्हणतात. दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे, एवढं दुकानातलं पोरही सांगेल. 1 जून 2024 पासून रोटी 5 ची 20 पियास्तर झाली. सरकारचा खर्च रोटीमागे 125 पियास्तर, तेव्हा अनुदान संपलं हे लेखातलं विधान चूक आहे. पण भाव एका फटक्यात चौपट झाला आणि रस्त्यावर कोणी आलं नाही. मार्च 2017 मध्ये नुसत्या कार्डाच्या नियमावरून अलेक्झांड्रियात लोकांनी रस्ते अडवले होते आणि सरकारची धावपळ झाली होती. मधल्या सात वर्षांत लोक सुखी झाले का? 2013 च्या अखेरीपासून तिथे परवानगीशिवाय निदर्शन हा गुन्हा आहे, आणि तुरुंग भरलेले आहेत. मोर्सीच्या काळात गरिबांचा मंत्री म्हणून नाव कमावलेले पुरवठामंत्री बासेम ओदाही तुरुंगातच गेले. सौद्यातली एक बाजू सरकारने मोडली. दुसरी मोडायला लोकांना वावच ठेवला नाही. याला लोकशाही न पचणं म्हणायचं, की ताटात वाढलीच नाही असं म्हणायचं?

सध्या तिथे रोटीऐवजी रोख पैसे देण्याची भाषा चालू आहे. आपल्याकडे 2023 पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये सुरू झाले, पुढच्या वर्षी 170 केले. बाजारातला गहू त्या 170 ची वाट पाहत थांबत नाही. मुलगा आता भारतात परतला आहे, पण त्याचा तिथला जुना सहकारी अधूनमधून फोन करतो. रोख आली तर काय, असं मुलाने मागे विचारलं तेव्हा तो म्हणाला, रोटी निदान बॉनेटवर पसरून मोजता येते.

आपला,
एक निवृत्त रेशन दुकानदार,
ता. निफाड, जि. नाशिक