काजूच्या हंगामाआधी आम्हांला आरोग्य केंद्रांत जागा द्या

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली. राज्याबाहेर आरोग्य संवर्धन व आरोग्य शिक्षण या विषयात पदवी घेते आहे. घरचे अजून समजतात, मुलगी नर्स होणार. त्यांचे एक वेळ सोडा; पण क्षेत्रकार्याची, म्हणजे गावात जाऊन प्रत्यक्ष काम करण्याची, परवानगी मागायला गेले, तेव्हा एका सरकारी कार्यालयातही विचारले गेले, "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तुम्हांला बसवायचे कुठे?"

कुठे, ते माकडतापावरून सांगते. २०१५ साली सत्तरीतल्या पाळी गावात तो आढळला. गोचिडीतून पसरणाऱ्या या तापाचा जोर साधारण जानेवारी ते मे असतो आणि काजूचा हंगामही त्याच दिवसांत. बोंडे पालापाचोळ्यात पडतात, ती वाकून वेचायची, बी पिरगळून काढायची. ज्या बाईची वर्षाची मिळकत झाडाखाली पडली आहे, तिच्या हातात 'जंगलात जाणे टाळा' असे पत्रक देऊन काय होणार? अंगभर कपडे घाल, उघड्या अंगाला गोचीड पळवणारे तेल लाव, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ कर, मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळव, हे तिला सांगायलाच हवे. पण त्याआधी तिला विचारायला हवे की आरोग्य केंद्रातून मिळालेले तेल ती लावत का नाही. चिकट वाटते? बोंडांना वास लागेल असे वाटते? की केंद्र उघडते तेव्हा ती कधीचीच बागायतीत पोचलेली असते? शेवटचे कारण निघाले, तर पत्रके दुप्पट छापूनही फरक पडणार नाही. तेल वाटायची वेळ आणि जागाच बदलावी लागेल.

आमचा अभ्यासक्रम म्हणजे हेच. आरोग्य संवर्धनाच्या पहिल्या जागतिक परिषदेत १९८६ साली ठरलेल्या ओटावा सनदेने माणसाला शहाणपण शिकवून थांबू नका, त्याच्या भोवतीची परिस्थिती आणि आरोग्यसेवाही बदला, असे बजावले. आम्ही ते परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. गावात करून पाहायला मात्र दार उघडत नाही.

मधुमेहाचे वेगळे काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात गोव्यातले प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक निघाले. 'भात कमी करा' एवढे सांगून शीतकडीवर, म्हणजे भात-कालवणावर, वाढलेला माणूस ऐकेल, असे निदान मला तरी वाटत नाही.

म्हणून विनंती अशी, की सत्तरी, डिचोली, पेडणे तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत या विषयाच्या विद्यार्थ्यांना डिसेंबरपासून क्षेत्रकार्य करू देणारा लेखी आदेश काढावा. पगार मागत नाही. बसभाडे मिळाले तर बरे. कोकणी-मराठी बोलणारे विद्यार्थी आधी घ्यावेत, कारण वरची उत्तरे दुभाष्यामार्फत मिळत नाहीत. आणि आम्ही दिलेला अहवाल त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तेलवाटपाचे वेळापत्रक ठरवण्यापूर्वी वाचावा, असे त्याच आदेशात घालावे. मार्चमध्ये वाचून उपयोग नाही.

आपली,
आरोग्य संवर्धनाची एक विद्यार्थिनी, सत्तरी