मालिका बघते ती अभ्यासासाठीच

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

आई, मागे तू विचारलं होतंस, जपानी मालिका बघून कधी जपानी भाषा येते का? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसत्या बघून येत नाही, हे तुझं खरंच आहे. खाली इंग्रजी अक्षरं असली की डोळे तीच वाचत बसतात आणि कानांवर काही पडतच नाही. म्हणून मी सबटायटल्सही जपानीच लावते. त्या सबटायटल्सच्या फाइलमध्ये प्रत्येक वाक्य केव्हा सुरू होतं आणि केव्हा संपतं, याची नोंद असते. त्यावरून एक प्रोग्राम तेवढाच आवाज आणि त्या क्षणाचं चित्र कापून देतो. त्याचं कार्ड होतं. पुढच्या बाजूला आवाज आणि चित्र. मागे वाक्य, कांजींचा (म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांचा) उच्चार, अर्थ. ऐकून कळलं का, एवढंच स्वतःला विचारायचं. एका भागातून ढीगभर कार्डं निघतात, पण बहुतेक मी काढून टाकते. ज्या वाक्यात एकच शब्द नवा आहे आणि बाकी सगळं समजतंय, तेवढंच ठेवते. या निवडीला वेळ लागतो, आणि खरा अभ्यास तिथेच होतो असं मला वाटतं.

पुढचं काम 'अंकी' नावाचा प्रोग्राम करतो. २००६ पासून तो आहे. जे आठवलं ते कार्ड काही दिवसांनी येतं, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी. अडलं की लगेच पुन्हा समोर. पाठ केलेलं किती भरभर विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. रोजच्या वापरातल्या म्हणून ठरवलेल्या कांजीच २१३६ आहेत. त्या एकट्या घोकण्यापेक्षा कुणाच्या तरी तोंडच्या वाक्यात भेटल्या की लक्षात राहतात.

व्याकरणाची मात्र काळजी नको. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, नामापुढे आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय येतात. वाक्य संपेपर्यंत धीर धरून ऐकायची सवय आपल्याला आहेच.

बाबा, तुमची शंका मला जास्त पटली. मारामारीच्या ॲनिमेमधलं (जपानी कार्टून मालिकांमधलं) 'ओरे', 'ओमाए', म्हणजे रांगडं 'मी' आणि 'तू', तोंडात बसलं, तर उद्या वरिष्ठांना अरे-तुरे केल्यासारखं होईल. म्हणून ऑफिस, हॉस्पिटल, घरातली वडीलधारी माणसं असलेल्या मालिकांतलीच वाक्यं मी कार्डांसाठी घेते. कोण कुणाशी बोलतंय हे चित्रात दिसतं, त्यामुळे आदराची रूपं कुठे वापरायची तेही कळतं.

डिसेंबरात जेएलपीटी, म्हणजे जपानी किती येतं ते तपासणारी परीक्षा, देणार आहे. ऐकण्याच्या भागात संवाद एकदाच वाजवतात. तिथे या कार्डांचा उपयोग होईल अशी खात्री आहे. बोलण्याची परीक्षा त्यात नसते, म्हणून जपानी शिक्षिकेशी गप्पांचा तास वेगळा लावला आहे.

आई, गुडघ्यांचा व्यायाम चुकवू नकोस. बाबा, डोळे तपासून घ्या, पुढे ढकलू नका.

तुमची,
लेक