सिव्हिलचा खर्च आणि पहिला पगार शेजारी-शेजारी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की आपल्या प्रवेश पुरवणीत इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पानभर जाहिराती येतात आणि प्रत्येकीत ‘सर्वोच्च पॅकेज’ ठळक अक्षरांत असतं. ते बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या एखाद्या मुलाचं असतं. सिव्हिलला मुलगा घालणाऱ्या पालकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी सातारा जिल्ह्यात रस्ते-इमारतींची कामं घेतो, दरवर्षी नवी मुलं साईटवर ठेवतो. आमच्या भागात ताज्या पदवीधराला महिना पंधरा ते वीस हजार मिळतात. पुण्या-मुंबईत जास्त देतात, पण खोलीभाडं आणि मेस वजा जाता हातात फारसं उरत नाही. खासगी कॉलेजची चार वर्षांची फी, हॉस्टेल, जेवण धरून सात-आठ लाख घातले असतील आणि निम्मे कर्जाचे असतील, तर पहिली काही वर्षं हप्ते फेडण्यातच जातात.

सिव्हिल करू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर झाले, मेट्रो, वाढवण बंदराची कामं चालू आहेत. बिलिंग, प्लॅनिंग हातात बसलेल्या इंजिनिअरला चार-पाच वर्षांत चांगले दिवस येतात. पण इथे पगार उशिरा वाढतो, म्हणून शिक्षण स्वस्तात पडलं पाहिजे.

आणि ते पडू शकतं. सिव्हिलचा कटऑफ कॉम्प्युटरच्या बराच खाली असतो. त्यामुळे कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॉलेजांचा विचार कमी पर्सेंटाइलच्या मुलांनाही करता येतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या जागेवर शिक्षण शुल्क माफ होतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. ‘आताच सीट बुक करा’ म्हणणाऱ्याचं ऐकून मॅनेजमेंट कोट्यात पैसे भरले की ही सवलत गेली. माफी शिक्षण शुल्काची आहे. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस वेगळं. म्हणून पावतीचा नमुना आधी मागून घ्यावा आणि त्यातली ओळ न ओळ वाचावी.

सगळ्यात दुर्लक्षित वाट डिप्लोमाची. दहावीच्या गुणांवर शासकीय पॉलिटेक्निकला प्रवेश, फी वर्षाला काही हजार, आणि तीन वर्षांनी डिप्लोमाच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. पदवीचं एक वर्ष वाचतं. मध्येच घरची अडचण आली तरी हात रिकामे राहत नाहीत, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंता भरतीला डिप्लोमा चालतो. तरी आपल्याकडे ‘मार्क कमी पडले म्हणून डिप्लोमा’ असंच बोललं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्याकडे याच वाटेने आलेला एक मुलगा आहे. स्लॅबच्या दिवशी काँक्रीट आणणारा ट्रान्झिट मिक्सर उशिरा आला, माल घट्ट झाला होता, आणि ड्रायव्हर सरळ ड्रममध्ये पाणी सोडायला निघाला. पोराने त्याला थांबवलं, स्लम्प घेतला, म्हणजे माल किती घट्ट-पातळ आहे ते मोजलं, तो मर्यादेत बसेना म्हणून गाडी परत पाठवली. पुढच्या गाडीतून काँक्रीटची ताकद तपासायला सहा क्यूब, म्हणजे ठोकळे भरले, तीन सात दिवसांनी तपासायचे, तीन अठ्ठावीस दिवसांनी, आणि प्रत्येकावर तारीख स्वतः कोरली. हे त्याला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये हाताने करायला लावलं होतं. मी पगार ठरवताना हेच बघतो. मार्कशीटवर कुठल्या कॉलेजचं नाव आहे, हे नंतर.

आता आपल्याकडे मागणं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत उतरणारी कॉलेजं नोकरी लागलेल्या मुलांचा मध्यम पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) जाहीर करतात. पण त्यात सगळ्या शाखा एकत्र असतात, कॉम्प्युटरच्या आड सिव्हिल झाकलं जातं. आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजला सिव्हिलपुरते तीन आकडे मागावेत: चार वर्षांचा एकूण खर्च, गेल्या वर्षी किती जणांना नोकरी लागली, आणि त्यांचा मध्यम पगार. जे देतील त्यांचे आकडे छापा, जे देणार नाहीत त्यांच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असं छापा. पहिली कॅप फेरी सुरू होण्याआधी तो तक्ता पुरवणीत आला, तर पालकांना पर्याय भरताना वापरता येईल.

आपला,
एक बांधकाम ठेकेदार, सातारा