निरोप समारंभ नको, चार्ज द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की परदेशातल्या शाळेत दोन-तीन आठवडे सेवा करण्याची संधी देणाऱ्या जाहिराती अलीकडे आपल्याकडच्या पालकांच्या मोबाइलवरही येऊ लागल्या आहेत. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत शेवटच्या दिवसाचे छायाचित्र असते. मध्ये पाहुणा, भोवती हसणारी मुले आणि गळ्यात काहीतरी घातलेले. अशा एका छायाचित्रात मी स्वतः उभी राहून आले असल्याने त्या दिवसाविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले.

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३१ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या मोशी शहरात राहतात, म्हणून गेल्या वर्षी तिथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मी तीन आठवडे सहावीला गणित शिकवले. (या कामासाठी पर्यटकाचा व्हिसा चालत नाही, स्वयंसेवकाचा निवास परवाना वेगळा काढावा लागतो, जाहिरातींत हे सहसा छापलेले नसते.) तिथल्या सरकारी शाळांत सातवीपर्यंत स्वाहिली माध्यम असते आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर बहुतेक सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. मला स्वाहिली येत नव्हती. पण गणिताला ‘हिसाबाती’, वहीला ‘दफ्तारी’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणणाऱ्या भाषेत फार परके वाटले नाही, आणि जिथे अडले तिथे शेजारी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका सांभाळून घेत. मी वर्गात शिरले की बहात्तर मुले एका सुरात ‘शिकामू’ म्हणत. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार आहे, आणि त्यावर ‘मराहाबा’ म्हणायचे असते, हे मला पहिल्याच दिवशी मुलांनी शिकवले.

शेवटच्या दिवसासाठी मी एक पाठ राखून ठेवला होता. समान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज मुलांना येऊ लागली होती. छेद वेगळे असले तर काय करायचे, एवढे उरले होते. एक तास पुरला असता. पण सकाळी शाळेत पोहोचले तेव्हा सातवीची मुले बाके बाहेर झाडाखाली मांडत होती आणि सहावीची मुले गाण्याची तालीम करत होती. मग गाणी झाली, भाषणे झाली, सोड्याच्या बाटल्या फुटल्या आणि माझ्या खांद्यावर एक कांगा, म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते रंगीत छापील कापड, पांघरण्यात आला. कांग्याच्या काठावर नेहमी एखादे वचन छापलेले असते. त्याचा अर्थ विचारायचेही त्या गडबडीत राहून गेले. मला रडू आले, हे लपवत नाही. मात्र डोळे पुसून आत पाणी प्यायला गेले, तर फळ्यावर आदल्या दिवशीचे एक द्वितीयांश तसेच होते.

दुपारी त्या वर्गशिक्षिकांनी, तक्रारीचा सूर अजिबात न लावता, सांगितले की त्या वर्षातला हा सहावा निरोप होता. माझ्याआधी आलेले बहुतेक जण इंग्रजी शिकवायला आले होते. आधीच्याने काय शिकवले ते नव्याला ठाऊक नसते, त्यामुळे प्रत्येकाने शरीराच्या अवयवांची नावे आणि रंग यांपासूनच सुरुवात केली होती. मुलांना ती नावे आता तोंडपाठ आहेत, पण पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून दर वेळी ती नव्याने शिकल्यासारखी म्हणतात. सातवीच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा आणि पुढे इंग्रजी माध्यम अशा टप्प्यावर उभ्या असलेल्या मुलांचे ते दिवस होते.

आपल्याकडे शिक्षकाची बदली झाली की चार्ज दिल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करत नाहीत. टाचण वही, हजेरी, अभ्यासक्रम कुठवर आला याची नोंद, डेडस्टॉकची म्हणजे शाळेतल्या टिकाऊ सामानाची यादी, अगदी फुटक्या घंटेपर्यंत सारे लिहून द्यावे लागते. या कागदपत्रांना मी नोकरीभर कंटाळले होते, हेही इथे कबूल करते. परंतु समुद्रापलीकडे जाऊन शिकवणाऱ्याला मात्र हार मिळतो आणि चार्ज कोणी मागत नाही. यजमान संकोचाने मागणार नाहीत. मागायला लावण्याची जबाबदारी माणसे पाठवणाऱ्यांची आहे.

स्वाहिलीत एक म्हण आहे : ‘मगेनी सिकु म्बिली, सिकु या तातू म्पे जेंबे.’ पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शिक्षक होते, आणि लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजीच म्हणत. त्यांनीही १९६२ साली आपल्या लेखनात ही म्हण वापरली होती. आपली म्हण तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल काढून थांबते. त्यांची त्याला कामाला लावते, आणि मला ती अधिक माणुसकीची वाटते.

तेव्हा परदेशी शाळांत विद्यार्थी, शिक्षक किंवा आमच्यासारखे ज्येष्ठ नागरिक पाठवणाऱ्या महाराष्ट्रातील संस्थांना माझी विनंती आहे की, शेवटच्या दिवशी तास नेहमीप्रमाणे होतील, निरोप शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत उरकला जाईल आणि काय शिकवून झाले, काय राहिले याची वही वर्गशिक्षकांच्या हाती दिल्याशिवाय कोणालाही प्रमाणपत्र मिळणार नाही, अशी अट त्यांनी घालावी. पुढच्या माणसाला निघण्यापूर्वी त्या वहीची प्रत मिळावी. समारंभाचे फोटो न मिळाल्याने काही जण नाराज होतील. त्याला इलाज नाही.

मी स्वतः त्या संध्याकाळी घरी बसून दोन पाने लिहिली, मुलीच्या शेजारणीकडून ती स्वाहिलीत करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर गाडी थांबवून शाळेत देऊन आले. शेवटची ओळ होती : भिन्न छेदांची बेरीज अजून झालेली नाही.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा