टांगा नीट करून देणाऱ्या तिघांचे आभार

बाजाराच्या दिवशी भर उन्हात थांबून आमच्या तट्टाचा टांगा लावून देणाऱ्या त्या तिघांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली.

आधी त्यांनी तोल पाहिला. हाकणारा बसल्यावर तट्टाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांची टोकं दोन बोटांनी उचलता आली पाहिजेत. वजन पुढे आलं की पाठ सोलते, मागे गेलं की दांड्या वर उठून पोटाचा पट्टा आवळतो. बैठक ४ बोटं मागे घेतली, बस्स. छातीचा पट्टा नरड्यावर चढत होता, तो खाली आणला. पण खांद्याच्या सांध्याच्या वरच, नाहीतर पाऊल टाकताना घासतो. पुठ्ठ्यामागचा, म्हणजे मागच्या मांड्यांमागून जाणारा पट्टा गाडी ओढताना आत तळहात जाईल इतका सैल. तो नसला तर पांदणीच्या उतारावर गाडी थेट मागच्या पायांवर येते.

चामडं शिवणाऱ्या काकांनी घामानं कडक झालेल्या कडेवर बोट फिरवून जखमेची जागा दाखवली, तेल चोळून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यांचं एक सांगणं सगळ्यात मोलाचं: सोडताना आधी गाडी मोकळी करा, लगाम अगदी शेवटी. बिनलगामाचं जनावर गाडीसकट उधळलं तर कोणालाच आवरत नाही.

काका, दादा, तट्टू आता मान मोकळी सोडून चालते. तुमचे फार उपकार झाले.