पाया खणण्याआधी

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा ताटावरून उठलीस ती तशीच रात्रीच्या गाडीने बंगळूरला गेलीस. पोचल्याचा निरोप आईला आला, मला नाही. असो.

नव्या घराचा तुझा नकाशा सावकाश पाहिला. शनिवार पेठेतल्या आपल्या 14 फुटी पट्टीवर चार मजले, मधून वरपर्यंत मोकळं, गरम हवा माथ्यावरून निघून जाणार. म्हणजे आपला वाड्यातला चौकच तू उभा केलास की! जोशांकडे नकाशा दाखवूनही आलो. पण शेजारच्या काकूंच्या भिंतीचं काय?

ती भिंत सामाईक आहे. खाली घडीव दगडाचं जोतं, वर मातीच्या गाऱ्यातल्या विटा. तुझा पाया त्याहून खोल जाणार. चर एका दमात खणला तर त्यांचं जोतं अधांतरी राहील. टेकू द्यावेत, तुकड्यातुकड्याने खणावं, एक तुकडा भरून पक्का झाला की मगच पुढचा. आणि पावसाळ्यात कुदळ लावूच नये. हे तुला मी काय शिकवायचं म्हणा! बँकेत खातेवह्या तपासल्या मी. रागावू नकोस.

पानशेत फुटलं, 12 जुलै 1961, तेव्हा मी लहान होतो. पाणी ओसरल्यावर दादांच्या खांद्यावर बसून घरी आलो. जोतं जागच्या जागी, सागवानी खांब उभे, आणि मधली भिंत विरघळून गेलेली. आमच्या माजघरातून काकूंच्या सासूबाईंचं देवघर दिसत होतं. गाळातून त्या एकेक देव काढून पदराला पुसत होत्या. भिंत पुढे दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा खर्च करून उभी केली.

परवानगीचं तू पाहशीलच. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत असतो तर 2010च्या कायद्याने नवं काही उभं करताच आलं नसतं. आपण त्यापुढच्या दोनशे मीटरच्या आत आहोत, म्हणजे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला आधी. तो मिळेलही. काकूंची संमती मात्र अर्ज करून मिळायची नाही. दिवाळीला ये, तूच त्यांच्याकडे जा.

लिफ्टबद्दल आता बोलत नाही. आई बोलेल.

तुझे बाबा

ता.क. भिंतीतल्या जुन्या भेगांचे फोटो आजच काढले, उद्या वाद नको. स्वयंपाकघरामागच्या भेगेत करंगळी जाते. तिच्यावर काच चिकटवून ठेवू का? भिंत हलली तर तडकेल.