नोंदवहीच्या डाव्या पानाबद्दल आभार

पुणे

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

यंदा बालवाडीच्या रोजच्या कामातून निवृत्त होताना तुम्ही शाल-श्रीफळ आणि भाषणे या दोन्हींना स्वच्छ नकार दिलात. त्या नकाराचा मान राखून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, दर जूनमध्ये सिंहगड रस्त्यापासून वाघोलीपर्यंत कितीतरी तरुण मुली बालवाडीत शिक्षिका म्हणून रुजू होतात आणि त्यांतल्या बहुतेकींना पहिल्या दिवशी एवढेच सांगितले जाते, की मुलांवर माया करा. तुम्ही मला ते कधीच सांगितले नाहीत. माया असली तर असते, नसली तर कुणी सांगून येत नाही. शिकवता येण्यासारख्या गोष्टी निराळ्या आहेत, असे तुमचे मत होते, आणि त्या गोष्टी तुम्ही चिकाटीने शिकवल्यात.

पहिली गोष्ट म्हणजे नोंदवही. डाव्या पानावर जे डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहायचे, उजव्या पानावर त्यावरून मला काय वाटले ते लिहायचे, आणि डाव्या पानावर मुलाला एकही विशेषण लावायचे नाही, हा तुमचा नियम होता. 'हट्टी', 'लाजाळू', 'आगाऊ' असा शब्द तिथे दिसला की तुम्ही त्याला पेन्सिलीने गोल करायचात आणि काही न बोलता वही परत द्यायचात.

छोट्या गटातला एक मुलगा मला अजून आठवतो. खेळगटातून येतानाच त्याच्याबरोबर 'हट्टी आहे, डबा खात नाही' असा शेरा आला होता. आठवडाभर खाऊच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसून फक्त लिही, असे तुम्ही मला सांगितलेत. पहिल्या दिवसाची नोंद अशी होती : डबा उघडला, पोळीचा एक तुकडा तोडला, स्वयंपाकघरात ताटल्या रचल्याचा आवाज आला, दोन्ही हात कानांवर ठेवले, डबा बंद केला. दुसऱ्या दिवशीची नोंद जवळपास तशीच होती. ताटल्या उशिरा धुतल्या गेल्या त्या दिवशी त्याने अर्धी पोळी खाल्ली. त्याची जागा स्वयंपाकघराच्या दारापासून हलवून खिडकीखालच्या सतरंजीवर केली, आणि ताटल्या मुले घरी गेल्यावर रचाव्यात असे मावशींशी ठरले. कानांवर हात जाण्याबद्दलची नोंद त्याच्या आईला जशीच्या तशी वाचून दाखवली आणि बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे असे सुचवले. त्यापलीकडे निदान आम्ही केले नाही. पालकांना सांगायचे ते डाव्या पानावरचे, हे तेव्हापासून पक्के झाले.

या साध्या नियमात आमच्या व्यवसायाची नीती किती भरलेली आहे, हे मला हळूहळू उमगत गेले. वकिलाचा पक्षकार किंवा डॉक्टरांचा रुग्ण आपल्यावर अन्याय झाल्याचे बोलून दाखवू शकतो. तीन वर्षांच्या मुलाला आपल्याविषयी काय लिहिले गेले हे कळत नाही, ते खोडून काढता येत नाही आणि तो शेरा मात्र त्याच्याबरोबर मोठ्या गटात आणि पुढे पहिलीत जातो. अमेरिकेतील 'नॅशनल असोसिएशन फॉर द एज्युकेशन ऑफ यंग चिल्ड्रेन' या बालशिक्षणाच्या क्षेत्रातील संस्थेने १९८९ साली स्वीकारलेल्या आचारसंहितेची ओळख तुम्हीच आम्हाला करून दिलीत. मुलांना आपल्या हातून इजा होता कामा नये, हे तिचे पहिले तत्त्व आहे आणि ते बाकीच्या सर्व तत्त्वांच्या वरचे मानले आहे. ते वाचून दाखवल्यावर तुम्ही लगेच पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीकडे वळलात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तिथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ही कथा आपण जयंतीला त्यागाची म्हणून सांगतो. तुमच्या मते तो एक व्यावसायिक निर्णय होता : मूल येत नसेल तर दोष आधी व्यवस्थेत शोधायचा. खिडकीखालच्या सतरंजीचा निर्णयही मला त्याच जातीचा वाटतो.

पालकसभांमधला तुमचा ठामपणा मात्र सगळ्यांना रुचला नाही. 'पलीकडच्या शाळेत मुले शंभरपर्यंत अंक लिहितात' हे वाक्य दर वर्षी कुणीतरी म्हणायचेच. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच या वयात औपचारिक अध्यापन आणि लेखन-वाचन-गणिताची घाई नको असे म्हटले आहे, आणि २०२० च्या धोरणाने ३ ते ८ ही वर्षे पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरली आहेत, हे तुम्ही सांगायचात. पण धोरणे सांगून पालकांचे समाधान होत नाही, हेही तुम्हाला ठाऊक होते. म्हणून तुम्ही त्यांनाच काम द्यायचात : आठवडाभर मुलाला स्वतःची बटणे स्वतः लावू द्या, मदत करू नका, आणि बोटे काय करतात ते लिहून आणा. पुढच्या सभेत त्या चिठ्ठ्यांवर जी चर्चा व्हायची तिच्यात अंगठा, तर्जनी आणि पेन्सिलीची पकड हे विषय पालकच काढायचे. तरीही काहींनी प्रवेश काढून घेतले, आणि तुम्ही त्यांना थांबवण्यासाठी शब्द फिरवला नाहीत.

फाटकापाशी दुसऱ्याच्या मुलाविषयी चौकशी झाली तर उत्तर द्यायचे नाही, दिवाळीची पाकिटे परत करायची, आपल्याच वर्गातल्या मुलांची शिकवणी घ्यायची नाही, या गोष्टी तुम्ही एकदाच सांगितल्यात आणि त्यावर वाद घालायला जागा ठेवली नाहीत. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ मात्र तुम्ही दर वर्षी, मावशी आणि व्हॅनवाले काका यांच्यासह सर्वांना समोर बसवून वाचायचात. असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहायचे आणि त्याला खोदून विचारत बसायचे नाही, हे तुम्ही आवाज न चढवता सांगायचात.

एका बाबतीत माझे मत तुमच्यापेक्षा वेगळे आहे. मुलांचे छायाचित्र काढायचेच नाही, हा तुमचा नियम मला आजही अपुरा वाटतो. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलांचे चेहरे फिरू नयेत, हे मान्य. पण बांधकामावर काम करणाऱ्या एखाद्या आईपाशी आपल्या मुलीचे या वयातले एकही छायाचित्र नसेल, तर तिच्या संमतीने काढून तिच्याच हातात दिलेल्या एका प्रतीने कुणाचे काय बिघडते? यावर आपले भांडण व्हायचे, आणि ते तुम्ही होऊ द्यायचात. वरिष्ठांनी असे भांडण होऊ देणे किती दुर्मीळ असते, हे नंतर इतरत्र पाहिल्यावर कळले.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. अंगणवाडी सेविकेच्या हाती आजही वेतन पडत नाही, मानधन पडते, आणि खासगी बालवाड्यांतले आकडे तर सांगण्यासारखेही नसतात. अशा बाईला नीतीचे पाठ देणे सोपे आहे. तुम्ही ते देताना संस्थाचालकांपुढे मावशींच्या भरपगारी रजेचा विषयही काढलात, आणि शनिवारच्या बैठकीत मावशींची निरीक्षणे आमच्या निरीक्षणांच्या आधी ऐकलीत. ताटल्यांच्या आवाजाची गोष्टही पहिल्यांदा त्यांनीच बोलून दाखवली होती.

ती बैठक अजून भरते, आणि आता वह्यांत पेन्सिल चालवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेल्या वेळी मी एका नव्या ताईच्या वहीतला 'चुणचुणीत' हा शब्द गोल केला. मुलाचे कौतुक असेल तर ते डाव्या पानावर का चालू नये, असे तिने विचारले, आणि तिचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही. सवड असेल त्या शनिवारी यावे. ती तुमच्याशीही वाद घालणार आहे.

आपली नम्र,
मोठ्या गटाची ताई